खडकाचे विसर्पण: बर्गर्स प्रारूप की घातनियम?

सावनेर परिसरातील भूमिगत खाणींत छत तोलण्यासाठी राखलेले कोळशाचे खांब वर्षानुवर्षे भाराखाली उभे असतात आणि ढासळण्याच्या कितीतरी आधीपासून मिलिमीटर-मिलिमीटरने दबत असतात. हे विसर्पण गणितात मांडण्याचे दोन मार्ग प्रचलित आहेत.

बर्गर्स प्रारूपात दोन स्प्रिंगा आणि दोन दट्टे असतात. ऑफिसचे दार सावकाश मिटवणाऱ्या डोअर क्लोजरमधील तेल आठवावे, दट्ट्याचे काम तेच. भार येताच होणारे आकुंचन, पुढे मंदावत जाणारी हालचाल आणि नंतरचा स्थिर वेग हे सारे चार स्थिरांकांत बसते, आणि ते स्थिरांक प्रयोगशाळेतील आलेखावरून काढता येतात. मात्र येथे प्रतिबल (एकक क्षेत्रफळावरील बल) दुप्पट झाले, तर स्थिर वेगही दुप्पटच होतो.

घातनियम याहून तिखट आहे: त्यात स्थिर वेग प्रतिबलाच्या ठरावीक घातांकाइतक्या घाताच्या प्रमाणात वाढतो. सैंधवासाठी घातांक बहुधा 5 च्या आसपास धरतात, म्हणजे प्रतिबल दुप्पट होताच वेग 32 पट. शिवाय तापमानाचा परिणामही त्यात येतो. मिठातील साठवण-पोकळ्या किंवा पृथ्वीचे प्रावरण यांसाठी तोच योग्य.

आपल्याकडील उथळ, तुलनेने थंड कोळशात विसर्पण मुख्यतः सूक्ष्म भेगांमुळे होते, म्हणून मिठाचा घातांक उसना घेण्यापेक्षा मी बर्गर्सच निवडेन. तरीही फुटण्यापूर्वीचा वाढत्या वेगाचा टप्पा दोन्ही प्रारूपे मूळ रूपात दाखवत नाहीत. खांबाच्या कडांचे पापुद्रे सुटू लागले असतील, तर समीकरणात हानीचे (भेगा वाढून येणाऱ्या कमकुवतपणाचे) वेगळे पद जोडल्याशिवाय कोणत्याही आलेखावर विसंबू नये.