युरोपचं निळं आरोग्य कार्ड: फुकट आहे, पण प्रवास विमा नाही

जर्मनीत क्रांकेनकासेचा, म्हणजे सरकारी आरोग्य विमा यंत्रणेतल्या संस्थेचा, विमा असलेल्या मराठी माणसाच्या पाकिटात हे कार्ड बहुधा आधीपासून असतं, फक्त ते उलटं करून पाहिलेलं नसतं. रोजच्या हेल्थ कार्डाच्या मागच्या बाजूला निळ्या पट्ट्यावर तारे आणि देशाचं संक्षिप्त नाव असतं, तेच युरोपियन हेल्थ इन्शुरन्स कार्ड, म्हणजे ईएचआयसी. नेदरलँड्समध्येही ते अनेकदा विमा कंपनीच्या कार्डामागेच छापलेलं असतं. काही देशांत मात्र वेगळा अर्ज करून मागवावं लागतं. पैसे कुठेच पडत नाहीत. कोणी वेबसाइटवर फी मागत असेल तर सरळ बंद करा.

आधी दोन गोष्टी तपासा. रकाना क्रमांक 9 मध्ये मुदत असते, ती परतीच्या तारखेपर्यंत पुरायला हवी. आणि जर्मन कार्डावर नाव-नंबरच्या जागी नुसत्या फुल्या किंवा तारका असतील, तर ती बाजू ईएचआयसी म्हणून चालत नाही. जर्मनीत खासगी विमा निवडलेल्यांना हे कार्ड मिळतच नाही. पगार चांगला म्हणून खासगी विम्याकडे वळणाऱ्या इंजिनिअरांनी हे आधीच हिशोबात धरावं.

कार्ड काय देतं? पोर्तुगालला गेलात आणि आजारी पडलात, तर तिथल्या सरकारी व्यवस्थेत पोर्तुगीज विमाधारकाला जे उपचार ज्या दरात मिळतात, तेच तुम्हाला त्याच दरात. ना कमी, ना जास्त. बिल पुढे तुमच्या मूळ देशाच्या विमा यंत्रणेकडे जातं. या कार्डाची खरी हुशारी इथेच आहे. कामगारांनी सीमा ओलांडावी हे 1957 च्या रोम करारापासून आर्थिक उद्दिष्ट आहे, पण सीमेपलीकडे आजारपणाचं संरक्षण तुटणार असेल तर कोण जाईल? सगळ्या देशांची आरोग्य व्यवस्था एकच करणं कुणालाच मान्य होण्यासारखं नव्हतं. म्हणून प्रत्येकाने आपापली व्यवस्था ठेवायची, फक्त हक्क माणसाबरोबर फिरायचा आणि खर्च त्याचा विमा जिथे आहे त्या देशाने उचलायचा, असा मार्ग काढला. उन्हाळ्यात पर्यटकांनी भरलेल्या स्पॅनिश किनाऱ्यावरच्या सरकारी दवाखान्याचा भार त्यामुळे एकट्या स्पेनच्या करदात्यावर पडत नाही. 1 जून 2004 पासून ई-111 या कागदी फॉर्मच्या जागी हे कार्ड आलं आणि आज ते युरोपियन युनियनच्या (ईयूच्या) 883/2004 या नियमावलीवर चालतं.

आता सगळ्यात महत्त्वाची अडचण, जी भारतीय पासपोर्टवाल्यांना हमखास गाठते. कार्डावर कुठेही लिहिलेलं नसतं, पण ईयूचं नागरिकत्व नसेल तर डेन्मार्क, स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइन इथे ते चालत नाही. बिगर-युरोपीय नागरिकांना हा हक्क 1231/2010 या वेगळ्या नियमाने मिळाला. डेन्मार्क त्यात सामील नाही, आणि बाकी चौघांशी असलेले करार मुळात युरोपीय नागरिकांसाठी आहेत. जोडीदार ईयूचा नागरिक असेल तर कुटुंबीय म्हणून नियम बदलतो, तेव्हा विमा कंपनीला लेखी विचारा. म्युनिकहून स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनला निघालेल्या मराठी कुटुंबाने प्रवास विमा घेतलाच पाहिजे. वर्षानुवर्षं त्याच यंत्रणेत हप्ता भरणाऱ्याला पासपोर्ट पाहून वगळणं हा अन्याय आहे, आणि कार्डावर त्याची एक ओळही नसणं त्याहून वाईट.

दुसरी फसगत खासगी दवाखान्याची. हॉटेलच्या रिसेप्शनने बोलावलेला डॉक्टर बहुतेकदा खासगी असतो, आणि ते बिल संपूर्ण तुमचं. तपासायच्या आधी एकच प्रश्न विचारा: सरकारी विम्याचे पेशंट घेता का? स्पेनमध्ये ‘सेंत्रो दे सालुद’ (सरकारी आरोग्य केंद्र) अशी पाटी शोधा. ऑस्ट्रियात ‘वालआर्ट्स्ट’ लिहिलेलं असेल तर तो सरकारी विम्याशी करार नसलेला डॉक्टर. स्कीइंग करताना पाय मोडला तर डोंगरावरून हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च कार्ड साधारणपणे देत नाही, मायदेशी परत आणण्याचा तर नाहीच.

‘तिथल्यासारखं’ म्हणजे तिथल्यासारखे खिशातले पैसेही. जर्मन रुग्णालयात दिवसाला 10 युरो, वर्षात जास्तीत जास्त 28 दिवस. फ्रान्समध्ये डॉक्टरला आधी पूर्ण फी द्यायची, मग साधारण 70 टक्के परत मिळतात, तेही सरकारी दराच्या हिशोबाने. जास्त फी घेणारे ‘सेक्टर 2’चे डॉक्टर टाळा, कारण वरची रक्कम परत येत नाही. उपचाराचा कागद, प्रिस्क्रिप्शन आणि पैसे दिल्याची पावती, तिन्ही मूळ प्रती जपून ठेवा. दावा तिथेच करता येतो किंवा परतल्यावर आपल्या विमा कंपनीकडे.

मुद्दाम उपचारासाठी जायचं असेल तर हे कार्ड नव्हे, एस-2 फॉर्म लागतो आणि त्याला आधी मंजुरी हवी. डायलिसिस किंवा ऑक्सिजनची गरज असलेल्यांना कार्डाचा लाभ मिळतो, पण तिथल्या केंद्राशी निघण्यापूर्वी वेळ ठरवावी लागते. पुण्याहून भेटायला आलेल्या आईवडिलांना तुमच्या कार्डाचा काहीही उपयोग नाही, त्यांचा व्हिसासाठी काढलेला किमान 30,000 युरोंचा विमाच कामी येणार.

कार्ड घरी राहिलं किंवा हरवलं तर घाबरू नका. आपल्या विमा कंपनीकडून तात्पुरतं बदली प्रमाणपत्र मागवा, कार्डाइतकाच हक्क त्यावर मिळतो. त्यासाठी कंपनीचा परदेशातून लागणारा फोन नंबर आणि कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. त्यातही रकाना 6, 7 आणि 8 मधले आकडे स्वच्छ वाचता आले पाहिजेत, कारण तुमची आणि विमा संस्थेची ओळख त्यांवरूनच पटते.