जुनी शेव्ही व्होल्ट, एक अख्खा हिवाळा आणि जनरल मोटर्सची धरसोड

जनरल मोटर्सच्या शेव्रोले (शेव्ही) ब्रँडची 2017 सालची व्होल्ट आम्ही गेल्या उन्हाळ्याच्या अखेरीस सेकंड हँड घेतली. डेट्रॉइटच्या उपनगरातला एक अख्खा हिवाळा तिने काढला, बर्फ वितळून रस्त्यांवरचे खड्डे उघडे पडले, म्हणजे आता अनुभव लिहायला हरकत नाही. गाडी कशी आहे ते सांगतेच, पण हे सगळे महिने मला जास्त सतावलं ते कंपनीने. 2009 मध्ये इथल्या सरकारने, म्हणजे करदात्यांनी, जनरल मोटर्सला बुडता बुडता वर काढलं. त्या पैशावर जगलेल्या कंपनीने कोणती गाडी करायची आणि कोणती बंद करायची हे नीट ठरवलं का? व्होल्ट रोज चालवल्यावर माझं मत असं झालंय की काय करायचं हे त्यांना पुष्कळदा इतरांच्या आधी कळतं. कळलेलं धरून ठेवणं त्यांना जमत नाही.

आधी गाडी. व्होल्ट पूर्ण इलेक्ट्रिकही नाही आणि नेहमीची हायब्रिडही नाही. 18.4 किलोवॉट-तासांची बॅटरी भरलेली असेपर्यंत ती विजेवरच पळते, ॲक्सिलरेटर कितीही दाबा, इंजिन मध्ये येत नाही. बॅटरी संपली की 1.5 लिटरचं पेट्रोल इंजिन काम हातात घेतं आणि प्रवास पुढे चालू. सरकारी चाचणीचा आकडा विजेवर 53 मैल, म्हणजे साधारण 85 किलोमीटर, आणि टाकी धरून एकूण 420 मैल. माझं घर ते ऑफिस जाऊन-येऊन अंतर 40 मैलांच्या आतलं आहे, त्यामुळे हवा चांगली होती तोवर पेट्रोल पंपाकडे फिरकायची वेळच आली नाही. शिकागोला मात्र तीच गाडी घेऊन गेलो आणि वाटेत चार्जर शोधत बसलो नाही.

चार्जिंगसाठी मी गॅरेजमध्ये काहीही नवीन बसवलेलं नाही. भिंतीतला साधा 120 व्होल्टचा सॉकेट, गाडीसोबत आलेली केबल, आणि पडद्यावर 8 ऐवजी 12 अँपिअर निवडायचं. पूर्ण रिकामी बॅटरी भरायला अशाने 13 तास लागतात, पण रोज ती पूर्ण रिकामी होतच नाही. रात्री लावून ठेवली की सकाळी तयार. मोठ्या इलेक्ट्रिक गाड्या घेणाऱ्या आमच्या ओळखीच्यांनी 240 व्होल्टची लाइन ओढून घ्यायला इलेक्ट्रिशियनला बरेच पैसे मोजलेत. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला तर तो पर्यायही नसतो. छोट्या बॅटरीचा हा फायदा जाहिरातीत कधी धड सांगितला गेला नाही.

चालवायला ही गाडी मला मनापासून आवडते. स्टिअरिंगच्या मागे डाव्या हाताला एक पट्टी आहे. सिग्नल लाल दिसला की ती बोटांनी ओढायची, गाडी मोटरच्या जोरावर मंदावते आणि तीच ऊर्जा बॅटरीत परत जाते. आता ब्रेकवर पाय क्वचितच जातो. बॅटरी खाली, गाडीच्या मधोमध इंग्रजी टी अक्षरासारखी मांडलेली असल्याने वजन जमिनीलगत राहतं आणि वळणावर गाडी झुलत नाही.

हिवाळ्याचं मात्र स्पष्ट सांगायला हवं. जानेवारीत विजेवरचं अंतर 30-35 मैलांवर येतं. थंडी फारच वाढली की बॅटरी भरलेली असूनही हीटरच्या मदतीला इंजिन सुरू होतं, पडद्यावर तसा संदेश दिसतो. प्लग लावलेला असतानाच निघण्याआधी गाडी गरम करून घेतली तर बराच फरक पडतो. सीट आणि स्टिअरिंग गरम करायची सोय असेल तर हीटर कमी ठेवूनही भागतं.

दोन गोष्टींनी मला इंजिनिअरांबद्दल खरा आदर वाटला. पेट्रोल भरायचं तर दारावरचं बटण दाबून काही सेकंद थांबावं लागतं. गाडी टाकीतला दाब सोडते आणि मगच झाकण उघडतं. टाकी अशी बंदिस्त ठेवलीय, कारण यात पेट्रोल महिनोन् महिने पडून राहू शकतं हे त्यांनी गृहीत धरलंय. दुसरं म्हणजे दीडेक महिना इंजिन लागलंच नाही तर गाडी स्वतःहून विचारते, इंजिनाची देखभाल म्हणून थोडा वेळ चालवू का? आणि टाकीतलं पेट्रोल वर्षाचं जुनं झालं तर ते जाळून संपवते. गाडी प्रत्यक्ष लोकांच्या हातात कशी वापरली जाईल याचा इतका पुढचा विचार मी फार कमी यंत्रांत पाहिलाय.

उणिवा आहेतच. मागची मधली जागा नावापुरती, कारण बॅटरीचा उंचवटा नेमका तिथे येतो. उंच माणसाचं डोकं मागे छताला लागतं. पुढच्या बंपरखालची रबरी पट्टी इतकी खाली आहे की चढाच्या ड्राइव्ह-वेवर घासते. फास्ट चार्जिंगची सोय नाही, अर्थात इंजिन असल्यामुळे त्यावाचून अडत नाही. मुलं मोठी होत असलेल्या चौघांच्या घराला ही गाडी जरा आखूड पडते, आणि पुढे लिहिणार आहे त्यातलं निम्मं या एका वाक्यात आहे.

व्होल्ट 2009 च्या बेलआउटमधून, म्हणजे त्या सरकारी मदतीतून, जन्मली असा बऱ्याच जणांचा समज आहे, तो खरा नाही. तिचं प्रारूप जानेवारी 2007 मध्ये डेट्रॉइटच्या ऑटो शोमध्ये दाखवलं होतं. कंपनीचे तेव्हाचे उपाध्यक्ष बॉब लुट्झ यांनी ती गाडी कंपनीत रेटली. त्यानंतर मंदी आली, डिसेंबर 2008 मध्ये बुश सरकारने पहिलं कर्ज मंजूर केलं, मार्च 2009 मध्ये वाहन उद्योगासाठी नेमलेल्या ओबामांच्या टास्क फोर्सने कंपनीची योजना तपासली आणि रिक वॅगनर यांना प्रमुखपद सोडावं लागलं. त्याच तपासणीत व्होल्टबद्दल लिहिलं गेलं की कल्पना आश्वासक आहे, पण गाडी इतकी महाग पडेल की नजीकच्या काळात धंदा म्हणून यशस्वी होणं कठीण. 1 जून 2009 ला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि जुलैत नवी होऊन बाहेर आली. पॉन्टिॲक, सॅटर्न, हमर, साब हे ब्रँड गेले. सरकारचे सुमारे 49.5 अब्ज डॉलर त्यात गुंतले होते. डिसेंबर 2013 मध्ये शेवटचे शेअर विकले तेव्हा 10 अब्जांहून जास्त बुडाले होते.

एवढं होऊनही व्होल्ट वाचली आणि डिसेंबर 2010 मध्ये बाजारात आली, हा निर्णय मला आजही धाडसी आणि योग्य वाटतो. नव्याने उभ्या राहणाऱ्या कंपनीला फक्त पिकअप विकून पैसे कमावणं सोपं होतं. किंमत 41,000 डॉलरच्या आसपास, सरकारी सवलत 7,500. पहिल्या वर्षी 10,000 विकायच्या होत्या, 7,671 विकल्या गेल्या. क्रॅश टेस्टनंतर तीन आठवड्यांनी एका गाडीच्या बॅटरीला आग लागली आणि त्यावरून राजकारण पेटलं. सरकारी चौकशी जानेवारी 2012 मध्ये दोष न सापडता बंद झाली, पण तोवर व्होल्ट म्हणजे ओबामांची गाडी असा शिक्का बसला होता. त्या शिक्क्याने निवडणुकीच्या वादात भर पडली, गाडीचं नुकसान झालं.

कंपनी चुकली ती इथून पुढे. तिच्याकडे जगात इतर कुणाकडे नसलेली यंत्रणा तयार होती. अमेरिकन कुटुंबं तेव्हा झपाट्याने छोट्या एसयूव्हीकडे वळत होती. हीच यंत्रणा शेव्रोलेच्या इक्विनॉक्स एसयूव्हीमध्ये बसवली असती तर? तसं न करता 2014 साली ती दोन दारांच्या कॅडिलॅक इएलआरमध्ये घातली आणि किंमत लावली 75,000 डॉलर. घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मग 2016 सालासाठी दुसऱ्या पिढीची व्होल्ट आली, म्हणजे माझ्याकडे आहे ती. पहिलीतल्या बहुतेक तक्रारी हिच्यात दूर झाल्या, अंतर वाढलं, महागडं प्रीमियम पेट्रोल लागेनासं झालं. पण साचा तोच, बुटकी हॅचबॅक. नोव्हेंबर 2018 मध्ये कंपनीच्या प्रमुख मेरी बारा यांनी क्रूझ, इम्पाला या मोटारींसोबत व्होल्टही बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि फेब्रुवारी 2019 मध्ये डेट्रॉइटच्या हॅमट्रॅमक कारखान्यातून शेवटची व्होल्ट बाहेर पडली. गंमत नव्हे, खंत वाटते, कारण पुढच्याच वर्षी टोयोटाने राव-4 प्राइम आणली. प्लग-इन हायब्रिड एसयूव्ही, म्हणजे व्होल्टसारखीच सॉकेटवर चार्ज होणारी आणि इंजिनही असलेली, विजेवर 42 मैल. लोकांनी त्यासाठी प्रतीक्षा यादीत नावं लावली, डीलरांनी छापील किमतीच्या वर पैसे घेतले. दहा वर्षांत बॅटरीच्या किमती ऐंशी टक्क्यांहून अधिक उतरल्या होत्या. ज्या महागाईची टास्क फोर्सला धास्ती होती ती सरत आली होती, नेमक्या त्याच वेळी कंपनीने हात काढून घेतला.

हॅमट्रॅमकचा तो कारखाना 2019 च्या कामगारांच्या संपानंतर वाचला, त्यात 2.2 अब्ज डॉलर घातले आणि तिथे इलेक्ट्रिक हमर बनू लागली. वजन 4 टनांच्या वर. माझ्या व्होल्टचं वजन जेमतेम 1.6 टन. दिवाळखोरीत जो ब्रँड टाकून दिला त्याचंच नाव परत काढून, एका हमरच्या बॅटरीत दहाहून अधिक व्होल्ट भागल्या असत्या अशी गाडी करणं, याला मी शहाणपण म्हणू शकत नाही.

हा स्वभाव जुना आहे. 1996 ची इव्ही-1 ही इलेक्ट्रिक गाडी भाड्याने दिली आणि परत मागवून बहुतेक गाड्या चिरडल्या. शेव्रोलेच्याच बोल्टने (व्होल्ट नव्हे) 2016 च्या अखेरीस 238 मैलांची इलेक्ट्रिक गाडी सामान्य माणसाच्या किमतीत आणली. बॅटरीतल्या दोषामुळे सगळ्या गाड्या परत बोलवाव्या लागल्या, ते निस्तरलं, विक्री वाढली आणि 2023 च्या अखेरीस उत्पादन थांबवलं. आता ती पुन्हा आणलीय, तीही मर्यादित काळासाठी. जानेवारी 2021 मध्ये 2035 पर्यंत धूर सोडणाऱ्या मोटारी बंद करण्याचं उद्दिष्ट जाहीर झालं, आणि जानेवारी 2024 मध्ये बारा यांनीच सांगितलं की प्लग-इन हायब्रिड परत येतील, आणि पुढे त्यासाठी 2027 साल सांगितलं गेलं. म्हणजे व्होल्टचीच कल्पना, आठ वर्षं वाया घालवून.

पुण्याकडच्या वाचकांना यातलं काही नवीन वाटणार नाही. तळेगावचा कारखाना सप्टेंबर 2008 मध्ये सुरू झाला, 2010 मध्ये बीट ही छोटी गाडी आली, पुढच्या वर्षी तिचं डिझेल. माझ्या माहेरच्या सोसायटीत एके काळी रांगेने बीट उभ्या असायच्या. 2017 मध्ये कंपनीने भारतातली विक्री गुंडाळली, तळेगावातून मेक्सिकोला निर्यात चालू ठेवली आणि 2020 च्या डिसेंबरात तीही थांबली. कामगारांचा लढा लांबत गेला. आज त्याच जागेत ह्युंदाई गाड्या बनवते. त्याच बाजारात टिकून राहिलेल्यांनी काय कमावलं ते डोळ्यांसमोर आहे.

न्यायाने बोलायचं तर सगळंच चुकलेलं नाही. 2017 मध्ये ओपेल हा युरोपातला ब्रँड विकून तिथला कायमचा तोटा थांबवला, ते बरोबर होतं. इक्विनॉक्स इव्ही मी चालवून पाहिली आहे. 319 मैलांचं अंतर, किंमत 35,000 च्या घरात, आणि घरातल्या चौघांना ऐसपैस. ही गाडी करणाऱ्यांना माणसांची गरज कळलेली आहे. पण त्यातून ॲपल कारप्ले काढून टाकलंय. माझ्या नऊ वर्षं जुन्या व्होल्टमध्ये फोन जोडला की नकाशा समोर येतो, आणि नव्या कोऱ्या गाडीत ते नाही. लोकांना सवयीचं असलेलं काढून घेऊन त्याजागी स्वतःची सेवा विकायची, यात ग्राहकाचा काडीचाही फायदा मला दिसत नाही. सप्टेंबर 2025 अखेर सरकारी सवलत संपली तशी कंपनीने इलेक्ट्रिकच्या गुंतवणुकीपोटी 1.6 अब्ज डॉलरचा फटका हिशेबात दाखवला, आणि इथून जवळच्या ओरायनच्या कारखान्यात इलेक्ट्रिक पिकअपऐवजी पेट्रोलच्या मोठ्या गाड्या करायचं आधीच ठरलं होतं. धोरण बदललं हे मान्य. पण वारा फिरला की आपण फिरायचं, असं असेल तर ग्राहकाने आठ-दहा वर्षांचा भरवसा कशावर ठेवायचा?

हा भरवशाचा प्रश्न मला प्रत्यक्ष भेडसावतो. एका डीलरकडे नियमित तपासणीसाठी फोन केला तर व्होल्टचं काम जाणणारा त्यांचा माणूस सोडून गेला होता आणि दुसरा शिकवलेला नव्हता. दुसऱ्या ठिकाणी जाणकार मिळाला, पण तिथे बरेच आठवडे थांबावं लागलं. सुटे भाग अजून मिळतात, काही मागवून घ्यावे लागतात. बंद पडलेल्या मॉडेलचा मालक ही किंमत मोजत राहतो.

तरीही घ्यावी का? रोजचं अंतर 50 मैलांच्या आत असेल, रात्री गाडी लावायला सॉकेटजवळची जागा असेल आणि मागे नेहमी तिघं बसणार नसतील तर हो. पहिल्या पिढीऐवजी 2016 नंतरचीच बघा. बॅटरी आणि विजेच्या यंत्रणेची वॉरंटी 8 वर्षं किंवा 100,000 मैल होती, म्हणजे 2017 आणि त्याआधीच्या गाड्यांची संपलेली आहे आणि 2019 च्या गाड्यांचीही संपत आली. घेण्याआधी रात्रभर चार्ज करून, इंजिन सुरू होईपर्यंत चालवून किती किलोवॉट-तास वापरले ते ऊर्जेच्या पडद्यावर बघा. चांगल्या गाडीत 13-14 दिसायला हवेत. बॅटरीच्या थंडाव्याचं द्रव पुरेसं आहे का ते बॉनेट उघडून तपासा, आणि आसपास व्होल्ट जाणणारा मेकॅनिक आहे की नाही हे पैसे देण्याआधी विचारा.