वनव्यवस्थापन समितीला मिळालेलं क्षमताबांधणीचं साहाय्य: दहा महिन्यांनंतरचा अनुभव

आमचं गाव गडचिरोली जिल्ह्यातलं. सामूहिक वनहक्क, म्हणजे गावानं मिळून जंगल राखायचा आणि वापरायचा हक्क, मिळून काही वर्षं झाली, पण हक्काचा कागद कपाटातच होता. आमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली हा हक्क मिळाला, तिथली ग्रामसभा बांबू स्वतः विकते, हे ऐकून होतो. आपण सुरुवात कुठून करायची, ते मात्र कळत नव्हतं. मागच्या नोव्हेंबरात एका संस्थेनं मदत करू का म्हणून विचारलं आणि ग्रामसभेनं ठराव दिला. मी गावाच्या वनव्यवस्थापन समितीची सचिव आहे.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो हिशेबाचा. मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या (बिडीच्या पानांच्या) फळीवर, म्हणजे पानं जमा करायच्या जागी, संस्थेची ताई रोज संध्याकाळी आमच्याजवळ बसायची. सत्तर पानांचा एक पुडा. पुडे मोजायचे, कार्डावर चढवायचे, मग रोजकीर्द लिहायची. तिसऱ्या दिवशी वहीत बारा पुडे जास्त निघाले. ताईनं पेन्सिल हातात घेतलीच नाही. "तुम्हीच शोधा," म्हणाली. रात्री साडेनऊला सापडलं: एका सासूचे पुडे सुनेच्या नावावरही चढले होते. त्या दिवसापासून आम्ही रोजची बेरीज फळीवरच मोठ्यानं वाचतो. आधी हिशेबावरून ग्रामसभेत भांडणं व्हायची, यंदा एकही झालं नाही.

वणव्याचंही काम चांगलं झालं. मोहफूल वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात आणि ती आग पुढं जंगलात शिरते. यंदा आम्ही बायकांनी फुलं पडायच्या आधीच खराट्यानं पाला झाडून काढला. ही युक्ती गावातल्याच म्हाताऱ्या बायांची, पण टोल्या-टोल्यांत, म्हणजे वस्ती-वस्तीत, बैठका लावून ती सगळ्यांकडून करवून घेतली संस्थेनं.

आता खटकलेलं. जुलैत ऐन रोवणीच्या दिवसांत जिल्ह्याच्या ठिकाणी तीन दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं. चिखलातून बायका कशा जाणार? तिघे पुरुष गेले. पडद्यावर इंग्रजी अक्षरं पाहिली आणि परत आले. प्रवासखर्च मिळाला, बुडालेली मजुरी नाही. कोणाही संस्थेशी बोलताना मजुरीचं आधीच ठरवून घ्या, हे कळकळीनं सांगते.

दुसरी गोष्ट जास्त लागली. वनहक्क कायद्याचे नियम २०१२ मध्ये सुधारले, तेव्हापासून जंगलाच्या संवर्धन व व्यवस्थापनाचा आराखडा ग्रामसभेच्या समितीनंच करायचा असतो. त्यासाठी आमच्या पोरांनी जीपीएस घेऊन चार दिवस गावाची शीव पायाखाली घातली. नकाशा सुंदर झाला, पण आम्हाला फक्त छापील प्रत मिळाली. मूळ फाइल संस्थेच्या लॅपटॉपवर आहे. उद्या एक रेघ बदलायची तर विचारायला त्यांच्याकडंच जायचं का? चाललो आम्ही, नकाशा आमचा आहे.

फाइलीसाठी ग्रामसभेनं ठराव करून पत्र दिलंय. ती हातात आली तर पुढच्या तेंदूलाही हीच संस्था हवी, आणि ताईही तीच, असं समितीचं मत आहे.