कांदा सोडावा, गहू सोडावा की दूध? एंडोमेट्रिओसिसचं पोट आणि नाशिकचं स्वयंपाकघर

एंडोमेट्रिओसिसचं निदान झालं आणि औषधांच्या आधी सल्ले सुरू झाले. जाऊबाई म्हणाल्या गहू सोड, ऑफिसातली मैत्रीण म्हणाली दूध सोड, आणि आहारतज्ज्ञ बाईंनी तिसरंच नाव काढलं: लो फॉडमॅप. आमच्याकडे कांद्याशिवाय फोडणी पडत नाही, रविवार म्हणजे मिसळ. या घरात यातलं काय निभेल हे कळायला मला वर्ष लागलं.

आधी एक गोष्ट. या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारखं ऊतक गर्भाशयाबाहेर वाढतं, आणि ते पोळी सोडल्याने विरघळत नाही. ईश्रे या प्रजननवैद्यकातल्या युरोपीय संघटनेच्या २०२२च्या मार्गदर्शिकेतही कुठल्याच विशिष्ट आहाराची शिफारस नाही. आहाराचा उपयोग पोटापुरता: पाळीच्या आधी तट्ट फुगणं, गॅस, कधी जुलाब तर कधी चार दिवस कोठा साफ नाही. पाळीत शौचातून रक्त जात असेल किंवा वजन उतरत असेल, तर हे वाचणं थांबवून डॉक्टरांकडे जा.

लो फॉडमॅपबद्दल मी सविस्तर लिहिणार, कारण पुरावा त्यातल्या त्यात इथेच आहे. काही शर्करा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत, त्यांनाच फॉडमॅप म्हणतात. त्या पाणी ओढतात, पुढे मोठ्या आतड्यातले जंतू त्या आंबवतात आणि गॅस होतो. तो सगळ्यांनाच होतो, आपलं आतडं मात्र तेवढ्यानेच कळवळतं. हा आहार ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाचा. तिथल्याच संशोधकांनी २०२५मध्ये एंडोमेट्रिओसिस असलेल्या ३५ बायकांना २८ दिवस हा आणि २८ दिवस साधा आहार स्वतः पुरवून पाहिला. लो फॉडमॅपवर ६० टक्के जणींना पोटाचा आराम पडला, साध्या आहारावर २६ टक्के. अभ्यास लहान आहे, पण तुलना चोख आहे.

यात बंद काय? कांदा, लसूण, गहू, दूध, राजमा, छोले, काजू, सफरचंद, आंबा. यादी वाचून मी कागद घडी करून डब्याखाली सारला होता. मग सासूबाई म्हणाल्या, "अगं, कांदेनवमीनंतर आम्ही चार महिने कांदा-लसूण शिवायचो नाही, तुला चार आठवडे होत नाहीत?" खरंच की. चातुर्मासाचा स्वयंपाक आपल्या हाताला ठाऊक आहे: हिंग-जिऱ्याची फोडणी, वर आलं-कोथिंबीर. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग चालतो. लसणाची अख्खी पाकळी तेलात परतून काढून टाकली तर तेलही चालतं, कारण त्रास देणारी शर्करा पाण्यात उतरते, तेलात नाही. बाहेर जैन मिसळ मागितली की कांदा-लसूण टळतो, मटकी आणि पाव मात्र ताटात उरतातच. आणि द्राक्षं! जुन्या याद्यांत ती बिनधास्त होती. पुन्हा तपासल्यावर मोनॅशने प्रमाण पार खाली आणलं. हंगामात घरात पेटी येते तेव्हा हे फार जड जातं.

मोठा धोका वेगळाच आहे. बंदी दोन ते सहा आठवड्यांची असते. मग एकेक पदार्थ परत आणून बघायचा. बऱ्याच जणी बरं वाटतंय म्हणून तिथेच थांबतात आणि वर्षभर अर्धपोटी जेवतात. पाळीला जास्त रक्त जाणाऱ्या बाईला ते परवडत नाही.

गहू सोडणं आपल्याकडे सगळ्यांत सोपं. बाजरी, ज्वारी, नागली, तांदूळ, सगळं कोपऱ्यावरच्या गिरणीत दळून मिळतं. ग्लूटेन-फ्री (ग्लूटेन म्हणजे गव्हातलं प्रथिन) लिहिलेली महागडी पाकिटं लागत नाहीत. मात्र पुरावा लंगडा. ज्याचा दाखला सगळीकडे दिला जातो तो २०१२चा इटालियन अभ्यास २०७ बायकांचा. वर्षभरात ७५ टक्के जणींच्या वेदना कमी झाल्या, पण तुलनेला दुसरा गट नव्हताच. शिवाय गव्हात ग्लूटेनबरोबर फ्रुक्टान ही फॉडमॅप शर्कराही असते. म्हणजे पोळी सोडून बरं वाटलं तरी श्रेय कुणाचं ते कळत नाही, आणि वरणातला लसूण चालूच राहतो. गहू सोडायचाच असेल तर आधी सिलिॲकची, म्हणजे ग्लूटेन न सोसण्याच्या आजाराची, रक्ततपासणी करा. गहू बंद केल्यावर ती तपासणी फसवी येते. सिलिॲक निघालाच, तर हिंगाच्या डबीवरचं बारीक अक्षर वाचा, बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं.

दुधाचा निकाल लवकर लागतो. दोन आठवडे लॅक्टोजविरहित (दुधातली शर्करा नसलेलं) दूध घ्या, फरक नसेल तर नेहमीचा चहा सुरू करा. काही हार्मोनच्या इंजेक्शनांनी हाडं विरळ होतात, तेव्हा कॅल्शियम उगाच कमी करू नका.

जवसाची चटणी खा, वनस्पती तुपातलं टाळा, हाही सल्ला मिळेल. मिळाला तर ऐका. पण त्यामागचा २०१०चा अमेरिकन नर्सांचा अभ्यास आजार होण्याच्या शक्यतेबद्दल आहे, फुगलेल्या पोटाबद्दल नाही.

मला विचाराल तर आधी दोन पाळ्या वही ठेवा: काय खाल्लं, पोट कधी फुगलं, पाळीचा कितवा दिवस. फुगणं जेवणाशी जुळत असेल तर आहारतज्ज्ञाला धरून लो फॉडमॅप करा. नुसतं पाळीशीच जुळत असेल, तर ताटाआधी औषधांचं डॉक्टरांशी बोला. फक्त चहा-खिरीनंतर बिनसत असेल तर दूध. गहू मी शेवटी ठेवेन. आणि पूर्वी खाण्यावरून स्वतःला उपाशी मारायची सवय असेल, तर यातलं काहीच एकटीने करू नका.

माझ्या वहीत निघाला लसूण, आणि एका बैठकीतला अर्ध्याहून जास्त कांदा. पोळी निर्दोष सुटली. जाऊबाईंना अजून पटलेलं नाही.