आठ महिने, सोळा गाणी आणि एक मनापासूनचे सोंग

गेल्या शिमग्यात, गुहागरच्या घरी अंगणात खेळे येऊन गेल्यावर, मावसभावाने एक जुनी सीडी माझ्या हातात ठेवली. ‘द ड्यूक्स ऑफ स्ट्रॅटोस्फिअर’ या बँडची सोळाही गाणी या एकाच सीडीत आहेत. आता दिवाळी झाली आहे आणि या आठ महिन्यांत ती ऐकली नाही असा आठवडा मला आठवत नाही.

असा बँड मुळात नव्हताच. इंग्लंडच्या स्विंडन गावच्या ‘एक्सटीसी’ या रॉक बँडने घेतलेले ते सोंग होते. अँडी पार्ट्रिज ‘सर जॉन जॉन्स’ झाला, कॉलिन मोल्डिंग ‘द रेड कर्टन’ आणि डेव्ह ग्रेगरी ‘लॉर्ड कॉर्नेलियस प्लम’. ड्रमवर डेव्हचा भाऊ इयन होता. लहानपणी ज्या सायकेडेलिक, म्हणजे स्वप्नात किंवा भासात ऐकल्यासारख्या संगीताने त्यांना झपाटले होते, त्याला मानवंदना देण्यासाठी त्यांनी निर्माता जॉन लेकीबरोबर स्वतःला नियम घालून घेतले : गाणे १९६७-६८च्या वळणाचेच हवे, वाद्ये शक्यतो त्याच काळातली हवीत आणि कोणतेही वादन दोनदाच करता येईल, तिसरी संधी नाही. पहिली तबकडी ‘ट्वेंटी-फाइव्ह ओ’क्लॉक’ १ एप्रिल १९८५ रोजी आली. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, असे आपण म्हणतो. यांनी मात्र कंपनीने दिलेल्या ५,००० पौंडांतले १,००० परत केले.

पहिल्या तबकडीतली सहा गाणी मला अधिक प्रिय आहेत. सुरुवातीला घड्याळांची टिकटिक ऐकू येते आणि मग ऑर्गन असा अंगावर येतो की पावसाळ्यात वीज गेल्यावर, बॅटरीवरच्या लहानशा स्पीकरवर ऐकतानाही अंगावर काटा येत असे. मेलोट्रॉनचा आवाज ओळखायला मला दोन महिने लागले. या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली दुसऱ्या वाद्याचा सूर मुद्रित केलेली चुंबकीय फीत असते आणि पट्टी दाबून धरली तरी सुमारे ८ सेकंदांत ती संपते. म्हणून त्यातला सूर दम लागल्यासारखा, किंचित थरथरत येतो, आणि तो थरथरता सूरच मला आज सर्वांत जवळचा वाटतो.

१९८७च्या ‘सोनिक सनस्पॉट’ या दुसऱ्या तबकडीत मुखवट्याआडून मूळ एक्सटीसी अधिक डोकावते आणि गाण्यांमधले लहान मुलीचे निवेदन विसाव्या वेळी नकोसे होते, ही माझी खरी तक्रार आहे. तरीही मोल्डिंगचे ‘व्हॅनिशिंग गर्ल’ त्यातच आहे. ही तबकडी कॉर्नवॉलमधल्या खाडीकाठच्या स्टुडिओत झाली, जिथे भरतीच्या वेळी होडीने पोहोचता येते. धोपाव्याहून दाभोळला फेरीबोटीने जाताना मी ती मुद्दाम लावतो.

हे विडंबन नाही, हे मला शिमग्यामुळेच चटकन उमगले असावे. काळे कपडे, पांढरी दाढी आणि उंच टोपी चढवलेला खेळ्यांतला संकासुर कोणाची टिंगल करत नसतो. त्या वेषात एरवी अबोल असलेला माणूसही मोकळा होतो. ड्यूक्सचे तसेच झाले आहे. आमच्या वाडीत नमनाला मृदंग वाजवणाऱ्या काकांना मी दोनदाच वाजवण्याचा नियम सांगितला, तेव्हा ते म्हणाले, “आमच्याकडे दुसरी वेळही नसते रे,” आणि घड्याळांची ती सुरुवात त्यांनी पुन्हा लावायला सांगितली.