झोपायच्या मॅटचं पर्यावरणी ओझं: हंगामभराच्या वापरानंतर

आधी निकाल सांगतो. सह्याद्रीत मुक्काम करणाऱ्यांसाठी पर्यावरणाच्या हिशेबात सगळ्यात हलकी मॅट म्हणजे दहा मिलिमीटर जाडीची साधी एक्सएलपीई (पॉलिथिलीनचा एक प्रकार) फोमची गुंडाळी, जी रिसायकल होत नाही. ‘रिसायकल्ड’ असा हिरवा शिक्का मिरवणारी हवेची मॅट दुसरी, आणि तीसुद्धा तुम्हाला पंक्चर काढता येत असेल तर. सेल्फ-इन्फ्लेटिंग, म्हणजे व्हॉल्व्ह उघडला की आपोआप फुगणारी मॅट, आपल्या दमट हवेत तिसरी. चंदेरी फॉइल लावलेली स्वस्त मॅट घेऊच नये.

पावसाळा सरल्यापासून होळीपर्यंत हे चारही प्रकार कातळावर, गुहेत, मातीत आणि तंबूत वापरले. कंपन्यांची तुलना करायची नाही, म्हणून नावं देत नाही. बघायचं होतं ते एवढंच: कुठली मॅट कशाने मरते, आणि मेल्यावर तिचं काय होतं.

‘कार्बन फूटप्रिंट’चा आकडा लोक सगळ्यात आधी विचारतात, म्हणून तो आधीच निकालात काढू. मॅटच्या कच्च्या मालात पॉलिथिलीन असेल तर किलोमागे साधारण दोन किलो कार्बन डायऑक्साइड, मऊ पॉलियुरेथेन फोमला तीनच्या थोडं वर, नायलॉनला सहाच्या वर. म्हणजे सव्वातीनशे ग्रॅमच्या फोम मॅटचा माल एक किलोच्या आत बसतो आणि चारशे ग्रॅमच्या नायलॉन मॅटचा अडीच किलोच्या आसपास जातो. विणकाम, रंगाई, लॅमिनेशन, जहाज हे सगळं जमेस धरून तिप्पट केलं तरी आकडा दहा किलोच्या आतच राहतो. आता एक लिटर पेट्रोल जाळलं की २.३ किलो बाहेर पडतो. पुण्याहून हरिश्चंद्रगडासाठी पाचनईला गाडीने जाऊन-येऊन सव्वातीनशे किलोमीटर धरले आणि गाडी लिटरला पंधरा देत असली, तर जवळजवळ पन्नास किलो. चौघांत वाटला तरी माणशी बारा. एका फेरीत मॅटचा जन्मभराचा हिशेब मागे पडतो. कार्बनची काळजी असेल तर एसटी पकडावी. मॅटच्या बाबतीत खरा प्रश्न कचऱ्याचा आणि रसायनांचा आहे, आणि तो सुटतो ती मॅट किती रात्री टिकते यावर.

फोमची गुंडाळी घेताना दोन गोष्टी एकमेकींत मिसळू नका. एक्सएलपीई म्हणजे क्रॉसलिंक केलेलं, म्हणजे रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडलेलं पॉलिथिलीन. त्याचे बुडबुडे बारीक असतात, पृष्ठभाग गुळगुळीत, आणि अंगठ्याने दाबून सोडलं की लगेच वर येतं. ईपीई म्हणजे टीव्हीच्या खोक्यात येणारा पांढरा फोम. बुडबुडे डोळ्यांना सहज दिसतात आणि दाबल्यावर खड्डा तसाच राहतो. चंदेरी मॅट बहुतेक वेळा ईपीईवर धातूचा मुलामा दिलेली फिल्म चिकटवून केलेली असते. पहिल्या दोन-चार मुक्कामांतच कमरेखाली चपटी होते, मग घडीच्या रेघेवर फॉइल फाटतं आणि त्याचे चकाकते तुकडे गुहेत पसरतात. साधा ईपीई भंगारात निदान वितळवता येतो. फॉइल चिकटवलं की तोही मार्ग बंद. चंदेरी बाजूने ऊब परत मिळते हा दावाही इथे फोल ठरतो, कारण अंग थेट फॉइलला टेकलेलं असलं की उष्णता स्पर्शानेच निघून जाते. परावर्तनाला मध्ये हवेची पोकळी लागते.

एक्सएलपीईचं दुबळेपण वेगळं. क्रॉसलिंकिंगमुळे तो टिकाऊ होतो आणि त्याच कारणाने पुन्हा वितळत नाही. भंगारवाला तो घेणार नाही: वजन नाही, जागा खातो, भाव येत नाही. शेवट कचराडेपोत किंवा सिमेंटच्या भट्टीत. पण हंगामानंतर आमच्या मॅटची जाडी कमरेखाली दीड-दोन मिलिमीटरने कमी झाली, पायाकडे जवळजवळ जशीच्या तशी राहिली. डोक्याची बाजू पायाकडे फिरवत राहिलं की झीज वाटली जाते. जास्त हानी झोपण्याने होत नाही, वाटेवर होते. सॅकच्या बाहेर आडवी बांधलेली मॅट करवंदीच्या जाळीत घासते आणि कडेचे दाणे गळतात. हे दाणे म्हणजे जंगलात सांडलेलं प्लास्टिकच. उपाय साधा आहे: मॅट सॅकच्या आत उभी गोल फिरवून लावा आणि बाकी सामान त्या नळीत भरा. पाठीला आधारही मिळतो. बाहेरच बांधायची तर जुन्या बेडशीटची पिशवी शिवा.

ईव्हीए या दुसऱ्या जातीच्या फोमच्या मॅटला नवी असताना वास येतो. तो फोम फुगवण्यासाठी वापरलेल्या रसायनाच्या अवशेषांचा असतो. काही दिवस सावलीत, वाऱ्यावर ठेवली की कमी होतो. काही कारखाने फोम नायट्रोजनने फुगवतात, त्यात हा अवशेष राहत नाही. लेबलवर तसं लिहिलेलं सापडलं तर ती घ्या, चार पैसे जास्त पडले तरी.

सेल्फ-इन्फ्लेटिंग हा प्रकार सिअ‍ॅटलच्या थर्म-अ-रेस्टने १९७०च्या दशकात रूढ केला. आत उघड्या पेशींचा पॉलियुरेथेन फोम, बाहेर लॅमिनेट केलेलं कापड, दोन्ही एकमेकांना चिकटवलेले. झोप उत्तम लागते. तक्रार त्या चिकटवण्याबद्दल आहे. फोम कापडापासून सुटला की तिथे हवेचा फुगा येतो आणि तो रोज वाढतो. यावर घरी दुरुस्ती नाही. कारणं तीन: तोंडाने प्रमाणाबाहेर फुगवणं, उन्हात तापलेल्या गाडीत ठेवणं, आणि ओल. तोंडाने फुंकलेल्या हवेतली वाफ फोममध्ये मुरते. मग मॅट गुंडाळून कपाटात गेली की मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात आत बुरशी धरते. लॅमिनेटमधलं टीपीयू (थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन, हवा अडवणारा थर) पॉलिएस्टर जातीचं असेल तर ते ओलीने हळूहळू तुटतं आणि चिकट लागू लागतं. पॉलिइथर जातीचं टीपीयू ओलीला सहजी दाद देत नाही. दुकानात हे कुणी सांगत नाही, पण उत्पादनाच्या माहितीत कधीकधी लिहिलेलं असतं. घेतलीच तर पलंगाखाली उलगडून, व्हॉल्व्ह उघडा ठेवून साठवा, आणि जून ते सप्टेंबर अधूनमधून पंख्याखाली काढा. घरात तेवढी जागा नसेल तर हा प्रकार तुमच्यासाठी नाही.

हवेच्या मॅटवर जास्त लिहावं लागेल, कारण सगळ्यात जास्त चांगल्या अवस्थेतल्या मॅट याच प्रकारात फेकल्या जातात. अनेकदा त्या बिघडलेल्याही नसतात. संध्याकाळी पंचवीस अंशांत फुगवलेल्या मॅटमधली हवा पहाटे आठ अंशांवर आली की तिचं आकारमान पाच-सहा टक्क्यांनी घटतं. तोंडाने फुगवली असेल तर आणखी, कारण श्वास गरम असतो. शिवाय नवं कापड पहिल्या काही वेळा ताणलं जातं. मॅट मऊ लागते, माणूस गळती समजतो आणि परत करतो. परत आलेली मॅट दुकान सहसा पुन्हा विकत नाही. म्हणून आधी तपासा: घरात, एकाच तापमानाच्या खोलीत, घट्ट फुगवा, अर्ध्या तासाने पुन्हा हवा भरा, वर काही न ठेवता रात्रभर सोडा. सकाळी कडक असेल तर मॅट ठीक आहे.

खरी गळती असेल तर आधी व्हॉल्व्ह बघा. रबरी चकतीवर वाळूचा एक कण पुरतो. मऊ ब्रश, पाणी, झालं. व्हॉल्व्ह ठीक असेल तर लिटरभर पाण्यात चमचाभर भांडी घासायचा साबण घालून स्प्रे बाटलीने पट्ट्यापट्ट्याने फवारा. बुडबुडा दिसला की मार्करने नेमकं भोक नाही, भोवती रुपयाएवढं वर्तुळ काढा. हवा काढा, पूर्ण वाळू द्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. हँड सॅनिटायझर चालत नाही, त्यातल्या ग्लिसरीनचा थर राहतो. मग पॉलियुरेथेन गोंदाचा पातळ थर, भोकाच्या चहूबाजूंनी सहा-सात मिलिमीटर, आणि त्यावर कोपरे गोल कापलेलं टीपीयूचं ठिगळ. वर प्लास्टिकचा कागद आणि दोन-तीन जाड पुस्तकं. चोवीस तास हात लावू नका.

चुकतं ते गोंदात. झटपट चिकटणारा सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद कडक होतो, मॅट दुमडली की तडकतो आणि पुढच्या गोंदाला पकड मिळू देत नाही. सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन रबरासाठी असतं, टीपीयूवर धरत नाही. पीव्हीसीच्या मॅटला व्हिनाइलचा गोंद लागतो, तो टीपीयूवर निकामी. डोंगरावर तात्पुरती चिकटपट्टी चालेल, पण घरी आल्यावर तिचा चिकटा अल्कोहोलने पूर्ण काढा.

दुरुस्तीपलीकडचा बिघाड एकच: आतल्या पडद्यांची वेल्डिंग सुटणं. दोन नळ्या एक होऊन टेंगूळ येतं. उन्हात फुगवलेली मॅट तशीच सोडणं आणि तिच्यावर गुडघा टेकून चढणं ही नेहमीची कारणं.

आपल्याकडे भोक पाडणाऱ्या मंडळींत काट्यांइतकीच कुसळं वाईट. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पठारावरचं गवत वाळतं तेव्हा कुसळ तंबूच्या तळातून वर येतं. २० डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) कापड इथे आणूच नका. ३० डेनियरच्या मॅटखाली पातळ फोम हवाच. ७५ डेनियर निर्धास्त, पण वजन वाढतं. खाली पाच-सहा मिलिमीटरची एक्सएलपीई टाकली की काटे अडतात आणि ऊबही वाढते. आर-मूल्यं (मॅट उष्णता किती अडवते याचं माप) सरळ बेरजेत जातात: २ ची फोम मॅट आणि ४.५ ची हवेची मॅट मिळून ६.५. हे मूल्य एएसटीएम एफ३३४० या २०१८ सालच्या मानकाने मोजलेलं असेल तरच तुलनेला घ्या. त्याआधी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजायची.

किती आर लागतो यावरही कचरा ठरतो. डिसेंबरातल्या गडावरच्या गुहेत दीड-दोन पुरतो. केदारकंठ्याच्या बर्फात चार-पाच हवा. वर्षातून एकदा उत्तराखंडला जाण्यासाठी अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या फिल्मचे आतून पडदे असलेली महागडी मॅट घेऊन ती उरलेले अकरा महिने कपाटात जिरवणं हा या विषयातला सगळ्यात मोठा अपव्यय. भाड्याने घ्या, किंवा दोन फोम मॅट एकावर एक टाका.

आता शिक्के. ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्डचं लेबल ग्राहकासमोरच्या वस्तूवर लावायला निम्मा माल पुनर्वापरातला असावा लागतो, पण लेबल नीट वाचा. कित्येकदा दावा फक्त वरच्या कापडापुरता असतो. टीपीयू, फोम, व्हॉल्व्ह सगळं नवंकोरं. शिवाय बाटलीचं पॉलिएस्टर टीपीयूला लॅमिनेट झालं की पुढे त्याचं काहीच होत नाही. बाटली बाटलीच राहिली असती तर आणखी काही फेऱ्या फिरली असती. ओइको-टेक्स स्टँडर्ड १०० तुमच्या त्वचेची काळजी घेतं, नदीची नाही. कारखान्यातल्या रसायनांवर नजर ठेवणारा शिक्का हवा असेल तर ब्लूसाइन बघा. पाणी झटकणाऱ्या लेपाबद्दल ‘पीएफएएस-मुक्त’ (पीएफएएस म्हणजे निसर्गात जवळजवळ न विघटणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांचं कुटुंब) असं पूर्ण लिहिलेलं हवं. नुसतं ‘पीएफओए-मुक्त’ म्हणजे फारसं काही नाही, कारण त्या कुटुंबातलं ते एक रसायन २०१९ मध्येच घातक, टिकून राहणाऱ्या रसायनांना आळा घालणाऱ्या स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं आणि त्याच्या भावंडांचा वापर चालू राहिला. तंबूच्या आत पसरायच्या वस्तूला असा लेप मुळात हवा कशाला, हे मात्र कळत नाही. चार्जिंगचा छोटा पंपही तसाच. फुगवायच्या पिशवीने दोन मिनिटांत काम होतं, वाफही आत जात नाही, मग आणखी एक लिथियम बॅटरी कशाला?

घोंगडीचा विषय निघतोच. दख्खनी मेंढीची लोकर, इथेच विणलेली, पिढीभर टिकणारी, शेवटी मातीत जाणारी. हिशेबात तिला तोड नाही. पण अंगाखाली दबली की तिची ऊब कमी होते आणि वजन सहज दीड-दोन किलो. पायथ्याच्या गावात, ओसरीवर मुक्काम असेल तर पातळ फोमवर घोंगडी हीच उत्तम जोडी. वरच्या गुहेपर्यंत वाहून न्यायची तर दमदार खांदे हवेत.

पसरायची जागाही हिशेबात धरा. सड्यावरच्या उथळ मातीत पावसानंतर उगवणारी रोपं बोटभर असतात, एका रात्रीत मॅटखाली मरतात. उघडा कातळ निवडा.

मॅट मेली की जाळू नका आणि पायथ्याच्या गावात ‘कुणाला तरी उपयोगी पडेल’ म्हणून सोडू नका. तिथे ती चुलीतच जाते. पॉलियुरेथेन जळताना हायड्रोजन सायनाइड सोडतं, पीव्हीसी हायड्रोक्लोरिक आम्ल. चपट्या फोम मॅटचा पायाकडचा भाग शाबूत असतो. त्यातून चाळीस बाय तीस सेंटिमीटरचे बसायचे तुकडे निघतात, मोडलेल्या हाताला आधार म्हणून बांधायची पट्टी निघते, आणि भाताच्या पातेल्याभोवती गुंडाळायचं आवरण निघतं. हवेच्या मॅटचा व्हॉल्व्ह कापडासकट कापून ठेवा. उरलेलं कापड टीपीयूच्या बाजूने एकमेकांवर ठेवून, वर बटर पेपर टाकून मध्यम इस्त्री फिरवली की जुळतं. आधी कोपऱ्यात करून बघा, नायलॉन आक्रसतो. त्यातून कोरड्या कपड्यांची पिशवी होते, आणि पुढच्या मॅटसाठी लागणारी ठिगळंही त्याच कापडातून कापता येतात.