सहा शनिवार आणि एक शब्द: पणजीतील ग्रीक वर्गाविषयी

बायबलच्या नव्या करारातील ग्रीक भाषेची मराठीतून तोंडओळख करून देणारा सहा शनिवारांचा एक वर्ग पणजीत सांत इनेज भागात भरला होता, आणि फोंड्याहून दर आठवड्याला बसने जाऊन मी तो पूर्ण केला. मी ख्रिस्ती नाही. शाळेत आयुष्यभर मराठी शिकवल्यामुळे शब्दांची घडण पाहण्याची खोड तेवढी लागली आहे. नवी तुकडी सुरू होणार आहे, म्हणून जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी हा अभिप्राय.

पहिले दोन शनिवार अक्षरओळखीत गेले. त्याबद्दल सांगण्यासारखे एकच आहे, आणि ती तक्रार आहे. ग्रीकमध्ये शब्दारंभीच्या 'ह'ला स्वतंत्र अक्षर नाही. पहिल्या स्वरावर उलट्या स्वल्पविरामासारखे एक बारीक चिन्ह येते, तोच 'ह'. आम्हाला दिलेल्या झेरॉक्स प्रतींत ही चिन्हे पुसट होऊन गेली होती, त्यामुळे पाप या अर्थाचा 'हामार्तिया' हा शब्द अर्धा वर्ग तिसऱ्या शनिवारपर्यंत 'आमार्तिया' असाच वाचत होता. शुल्क घेणाऱ्या वर्गाकडून छपाईची एवढी हयगय अपेक्षित नव्हती.

वर्गाचे खरे मोल तिसऱ्या आणि चौथ्या शनिवारी कळले. हे दोन्ही दिवस सरांनी 'अनोमिया' या एकाच शब्दाला दिले. योहानाच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनात, 'हामार्तिया म्हणजेच अनोमिया' असे सरळ समीकरण मांडले आहे. सरांनी शब्द फळ्यावर लिहून फोड विचारली, तेव्हा 'अनाचार'च्या धर्तीवर मी आत्मविश्वासाने 'अन् + ओमिया' असे सांगितले आणि चुकलो. फोड 'अ + नोमोस' अशी आहे. नोमोस म्हणजे नियम, कायदा, आणि यहुदी संदर्भात मोशेचे नियमशास्त्र. पण माझी चूक अगदीच वाया गेली नाही, कारण ग्रीकचा 'अ/अन्' आणि संस्कृतचा 'अ/अन्' हे एकाच मुळाचे असून स्वरापुढे दोन्हीकडे 'अन्' होतो, हे त्यानिमित्ताने सरांनी सविस्तर समजावले.

मला वाटते, या शब्दाच्या बाबतीत मराठी वाचक जात्याच सुदैवी आहे. 'अ' लागला की नुसता अभाव, अशी समजूत असेल तर 'अनोमिया' म्हणजे कायदा नसण्याची स्थिती ठरते. मराठी कानाला मात्र 'अज्ञान' आणि 'अधर्म' यांतील फरक शिकवावा लागत नाही. अज्ञानात ज्ञान नसते. अधर्मात धर्म ठाऊक असूनही त्याच्या उलट वागणे असते. योहानाच्या वचनातली 'अनोमिया' ही 'अधर्म'च्या जातीची आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रकथेत, हा शब्द चार वेळा येतो, उरलेल्या तीन शुभवर्तमानांत एकदाही नाही, आणि तेविसाव्या अध्यायात तो कोणाला लावला आहे, तर शास्त्री आणि परूशी या यहुदी धर्मपंडितांना, म्हणजे ज्यांना नियमशास्त्र तोंडपाठ होते त्यांना. त्यांच्या ठायी नियमाचे अज्ञान कुठून असणार?

याच्या शेजारी सरांनी 'पाराबासिस' ठेवला. त्यात 'पलीकडे पाऊल टाकणे' हा अर्थ आहे, म्हणून तो आपल्या 'उल्लंघन'ला चपखल बसतो. आखलेली रेषा असल्याशिवाय पाराबासिस संभवत नाही, आणि जिथे नियमशास्त्र नाही तिथे उल्लंघनही नाही, असे नव्या करारातील पत्रलेखक पौलाने रोमकरांस पत्रात म्हटलेच आहे. पाराबासिस हे एक कृत्य आहे, अनोमिया ही त्यामागची वृत्ती. सन 1611 च्या इंग्रजी भाषांतराने योहानाच्या त्या वचनात 'कायद्याचे उल्लंघन' अशा अर्थाचे शब्द घातले, त्यामुळे वृत्ती झाकली जाऊन कृत्य तेवढे पुढे आले. मराठी बायबलमध्ये तिथे 'स्वैराचार' आहे. आजच्या बोलण्यात त्याला चारित्र्याच्या शिथिलतेचा वास येतो खरा, पण 'स्वैर' म्हणजे स्वतःच्या इच्छेने चालणारा हा मूळ अर्थ धरला, तर याहून नेमका शब्द मला तरी सुचत नाही.

दिवाडीहून येणारे एक वयस्कर गृहस्थ हे सगळे शांतपणे ऐकत होते. खाजन शेतीत त्यांची हयात गेली. खाऱ्या पाण्याचा बांध, भरती-ओहोटीबरोबर उघडमीट होणारी मानस, म्हणजे बांधातली पाण्याची झडप, आणि मासळीच्या लोभाने मुद्दाम बांध फोडून भातशेती बुडवणारे लोक, हे सारे त्यांनी पाहिलेले. ते कोकणीत एवढेच म्हणाले, "बांद फोडप्याक बांद खंय आसा तें बरें खबर आसता." (बांध फोडणाऱ्याला बांध कुठे आहे ते चांगले ठाऊक असते.) सरांनी खडू खाली ठेवला आणि ते वाक्य वहीत उतरवून घेतले.

एक त्रुटी मात्र नोंदवली पाहिजे. शब्दाची फोड झाली की अर्थ हाती आला, अशा थाटात सर दोन तास बोलले. पौल करिंथकरांस पहिल्या पत्रात 'आनोमोस' हे विशेषण वापरतो, तेव्हा त्याला बंडखोर अभिप्रेत नाहीत. ज्यांना मोशेचे नियमशास्त्र मिळालेच नाही असे परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेले लोक, अभिप्रेत आहेत. म्हणजे त्याच मुळापासून साधा अभावही निघतो, आणि कोणता अर्थ घ्यायचा हे आजूबाजूचे वाक्य ठरवते. ही बाब एका तरुण मुलीने विचारल्यावर पुढे आली. ती मुळातच टिपणात असायला हवी होती. विचारल्यावर सरांनी ती मोकळेपणाने मान्य केली, हेही सांगितले पाहिजे.

शेवटचे दोन शनिवार क्रियापदांना दिले होते आणि ते घाईत उरकले. योहानाच्या त्याच वचनातील 'हो पोइओन', म्हणजे 'करणारा', या रूपावर आणखी अर्धा तास मिळता तर बरे झाले असते, कारण एकदा पाप घडलेला आणि पाप करत राहणारा यांतला फरक या रूपाकडे बोट दाखवूनच सांगता येतो.

ज्याला केवळ प्रवचन ऐकायचे आहे त्याने या वर्गाला जाऊ नये. शब्दकोश उघडून बसण्याची आवड असेल त्याने अवश्य जावे. जाताना लाल शाईचे पेन न्यावे आणि पहिल्याच दिवशी फळ्यावर पाहून झेरॉक्सवरची 'ह'ची चिन्हे स्वतः काढून घ्यावीत.